टेकवलं की गेले

आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख ठरली की आमच्या वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात, एक एसटीच्या जादा गाड्यांचं वेळापत्रक आणि दुसरा तो व्हिडिओ. गर्दीत एक माणूस कार्डाचं मशीन घेऊन फिरतोय, कुणाच्या तरी मागच्या खिशाला हळूच टेकवतो, पिक् असा आवाज होतो आणि पैसे गेले. खाली लिहिलेलं की वायफायवालं, म्हणजे मशीनला नुसतं टेकवून चालणारं, कार्ड जत्रेत नेऊ नका, सगळ्यांना पुढे पाठवा. मग चारजण हात जोडतात, आणि एका काकांनी तर कार्ड फॉइलमध्ये गुंडाळून त्याचा फोटोपण टाकला होता, चपात्या बांधतात ती फॉइल.

आमचा मालवणजवळ छोटा होमस्टे आहे, काउंटरवर कार्डाचं मशीन आहे, त्यामुळे असलं काही आलं की वाडीतले लोक मलाच विचारतात. "रे, ह्या कार्ड नुसता टेकवला तरी पैसे जातत म्हणतत, खरा काय ता?" आता ह्याला एका शब्दात उत्तर द्यायचं तर हो, जातात, त्यासाठीच बनवलंय ते. पण ज्याची भीती लोकांना वाटते ते होत नाही आणि जे खरंच होतं त्याचा व्हिडिओ कोणी बनवत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काहीच नसतं.

आधी भीतीचं बघू. कार्डाला बॅटरी नसते. आत कडेकडेने तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते, ती मशीनच्या जवळ आली की मशीनच्याच लहरींतून तिला वीज मिळते, १३.५६ मेगाहर्ट्झच्या, आणि तेवढ्या विजेवर चिप जागी होऊन बोलते. अंतर साधारण चार सेंटीमीटर. आमच्या मशीनवर तर गेस्ट लोकांना मीच सांगतो, अजून खाली, अजून खाली, हां आता धरून ठेवा. खिशात दोन टॅपवाली कार्डं एकत्र असली तर मशीन बऱ्याचदा गोंधळतं आणि एकच कार्ड दाखवा म्हणतं. म्हणजे मागच्या खिशात पाकीट, पाकिटात तीन कार्डं, मध्ये देवीच्या अंगाऱ्याची पुडी आणि सुटे, आणि वरून धक्काबुक्की, ह्यात कोणी नेमकं चार सेंटीमीटरवर मशीन धरून उभा राहणार असेल तर त्याने चोरी सोडून सोनारकाम करावं.

शिवाय ते मशीन असंच बाजारात मिळत नाही. मला घेताना पॅन, आधार, खात्याचे कागद, जागेचे कागद, सगळं द्यायला लागलं. पैसे माझ्या खात्यात दुसऱ्या दिवशी येतात, तेही बँकेकडून. चोराने शंभर खिशांना मशीन लावलं तर शंभर तक्रारी एकाच नावावर जाणार, आणि ते नाव-पत्ता बँकेकडे आधीच आहे. आणि मशीनलाही रेंज लागते हो! आंगणेवाडीला लाखो माणसं एका माळावर, तिथे मला बाजूच्या स्टॉलवर गेलेल्या बायकोला फोन लागत नाही, चोराला बँकेचा सर्व्हर कुठून लागणार?

असाच एक व्हिडिओ २०२२ मध्ये फास्टॅगचा आला होता, आठवत असेल, एक पोरगा काच पुसता पुसता हातातलं घड्याळ टॅगवरून फिरवतो आणि म्हणे पैसे काढून घेतो. मुंबई-गोवा हायवेवरून येणारे चाकरमानी त्या वर्षी गणपतीला काच पुसणाऱ्या पोरांना लांबूनच हाकलत होते. तेव्हा एनपीसीआयने, म्हणजे युपीआय आणि रुपे चालवणाऱ्या संस्थेने, उघड सांगितलं की व्हिडिओ खोटा आहे, फास्टॅगमधून माणसाकडून माणसाकडे पैसे जातच नाहीत, फक्त नोंदणी केलेल्या टोलनाक्यासारख्या ठिकाणीच जातात. पण खुलासा कोण फॉरवर्ड करतो.

हवेतून काहीच चोरता येत नाही असंही नाही, उगाच छातीठोक सांगायला नको. टॅपची सोय असलेल्या फोनवर अॅप टाकून कार्डाला चिकटवलं तर कार्डाचा नंबर आणि मुदत संपायची तारीख बहुतेक कार्डांत वाचता येते. मागे छापलेला तीन आकडी सीव्हीव्ही मात्र हवेतून जात नाही. आणि प्रत्येक टॅपला चिप त्या व्यवहारापुरता नवीन कोड तयार करते, तो कुणी पकडून ठेवला तरी पुन्हा चालत नाही. जुन्या काळ्या पट्टीच्या कार्डाची नक्कल व्हायची ती ह्याच्या उलट कारणाने, पट्टीवरचा मजकूर कायम तोच. २०१८ संपेपर्यंत ती कार्डं बदलून घ्या असं बँका मागे लागल्या होत्या ते त्यासाठीच. नुसत्या नंबरावर आपल्याकडच्या साइटवर खरेदी होत नाही कारण ओटीपी लागतो, परदेशी साइट कधी कधी ओटीपी मागत नाहीत, म्हणून परदेशी व्यवहार बंद ठेवावेत. एवढंच.

आता सोयीचं सांगतो, कारण माझ्या मते टॅपची सगळ्यात मोठी सोय लोक बोलतच नाहीत. वेळ वाचतो वगैरे ठीक आहे, तारकर्लीला आलेल्या माणसाचे आठ सेकंद वाचून तो काय करणार, वाळूतच बसणार. खरी सोय म्हणजे कार्ड हातातून जात नाही. पूर्वीचं आठवा. हॉटेलात थाळी खाल्ली, कार्ड वेटरकडे दिलं, तो आत घेऊन गेला, आणि मग आतून भरल्या हॉटेलात आवाज, "साहेब, पिन काय?" आणि साहेब सोलकढीचा घोट घेत घेत तिथूनच चार आकडे ओरडून सांगणार! हे मी एकदा नाही, कितीतरी वेळा बघितलंय, आणि ओरडणारे बँकेत नोकरीला असल्यासारखे शिकले-सवरलेले लोक असायचे. आमच्याकडे तर मशीनला रेंज फक्त अंगणातल्या कोपऱ्यात, माडाच्या बुंध्यापाशी, त्यामुळे आधी मी कार्ड आणि मशीन दोन्ही घेऊन तिकडे जायचो आणि गेस्ट व्हरांड्यातून पिन सांगायचे, मला नको असला तरी. टॅप आल्यापासून गेस्टच माडाखाली येतो, टेकवतो, कार्ड खिशात. पिन कोणालाच कळत नाही. पाच हजारांच्या वरचं बिल असेल तर पिन टाकावा लागतो, पण तो स्वतः टाकतो.

ही पाच हजारांची मर्यादा आधी दोन हजार होती. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये बिनपिनच्या टॅपला परवानगी दिली ती दोन हजारांपर्यंतची, आणि १ जानेवारी २०२१ पासून पाच हजार केली, कोविडचे दिवस होते, मशीनच्या बटणांना हात लावायला लोक घाबरत होते. शहरात पाच हजार म्हणजे एका मॉलमधली फेरी असेल, आमच्या वाडीत पाच हजारांत बऱ्याच घरांचा महिन्याचा किराणा होतो. हा एक आकडा सगळ्या देशाला सारखाच, आणि इथूनच माझं खरं म्हणणं सुरू होतं.

टॅपच्या कार्डाची सुरक्षा एका गोष्टीवर उभी आहे. कार्ड हरवलं की तुम्हाला लगेच कळणार आणि तुम्ही लगेच ब्लॉक करणार, हे धरून चाललेलं आहे. पैसे कापले की मेसेज, मेसेज बघितला की फोन, फोन केला की कार्ड बंद. मुंबईत हे पाच मिनिटांत होतं. आमच्याकडे ह्या तिन्हींच्या मध्ये सडा, म्हणजे वरचा कातळाचा माळ, येतो.

आमच्या शेजारच्या काकींचं कार्ड हरवलं मालवणच्या बाजारात, शनिवारी संध्याकाळी. त्यांच्या घरी, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या कडेला, रेंज नाही, फोन फक्त सकाळी गुरं घेऊन सड्यावर गेल्या की वाजतो. रविवारी सकाळी तिथे गेल्यावर तीन मेसेज एकदम आले. एका पेट्रोल पंपावरून, एका कपड्याच्या दुकानातून आणि एका बारमधून (ह्या बारचंच त्यांना सगळ्यात जास्त लागलं). मिळून सहा हजारांच्या आसपास, प्रत्येक वेळी पाच हजारांच्या आतलं, म्हणजे पिन कुठेच लागला नाही. ज्याला सापडलं तो काही मोठा चोर नव्हता, त्याला मशीन लागलं नाही, अॅप लागलं नाही, गर्दी लागली नाही, रस्त्यावर पडलेलं कार्ड उचललं आणि टेकवत गेला.

काकी माझ्याकडे आल्या त्या रडत नव्हत्या, चिडलेल्या होत्या. "मशीनीन पिन इचारूक नाय, मगे पैसे दिल्यान कित्याक?" ह्याला मी काय उत्तर देणार. मी सांगितलं की छोट्या रकमेला पिन विचारत नाहीत. त्या म्हणाल्या, छोटी कोणासाठी? मग म्हणाल्या, "माझा कार्ड, माझे पैसे, आणि माकाच सगळ्यात शेवटी कळला." ह्याच्याहून नेमकं ह्या विषयावर मी तरी कुठे वाचलेलं नाही.

आता गंमत बघा. रिझर्व्ह बँकेचा १५ जानेवारी २०२० चा आदेश आहे की नवीन कार्ड देताना टॅप बंदच असला पाहिजे, ऑनलाइन आणि परदेशीही बंद, ज्याला हवं त्याने स्वतः चालू करून घ्यायचं, आणि चालू-बंद करायची, मर्यादा ठरवायची सोय दिवसरात्र पाहिजे, अॅपवर, एटीएमवर, फोनवर. चांगला नियम आहे, खरंच चांगला. मग काकींच्या कार्डावर टॅप चालू कोणी केला? गणपतीला आलेल्या पुतण्याने. अॅप टाकून दिलं, सगळी बटणं हिरवी करून दिली, काकी आता काय बी करू शकतस, आणि दुसऱ्या दिवशी तुतारी एक्सप्रेसने दादरला परत. त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. तो मेट्रोच्या गेटवर रोज कार्ड टेकवून जातो, त्याला टॅप बंद असलेलं कार्ड म्हणजे अर्धवट कार्ड वाटतं. त्याच्या जगात हरवल्यापासून ब्लॉक होईपर्यंतचा वेळ पाच मिनिटांचा आहे, काकींच्या जगात एका रात्रीचा आहे, आणि पाऊस असेल तर दोन रात्रींचा. बटण दोघांना एकच.

पैसे परत मिळण्याचं काय, हेही लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. ६ जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. बँकेची चूक नाही, तुमचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी गडबड झाली आणि तुम्ही बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजी दिवसांत सांगितलं, तर तुमच्यावर काही बोजा नाही. चार ते सात दिवसांत सांगितलं तर ठरावीक रकमेपर्यंत तुमचा. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. तुमचाच निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि महत्त्वाचं म्हणजे जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं, ग्राहकाचं नाही. हे एक वाक्य पाठ करून ठेवा, शाखेत उपयोगी पडतं.

पण कार्ड रस्त्यावर पडणं हा निष्काळजीपणा की नाही? पिन कागदावर लिहून कार्डासोबत ठेवला असता तर समजू शकतो. इथे पिनचा संबंधच नव्हता, पिन न विचारण्याचा निर्णय काकींचा नव्हता. शाखेत सोमवारी आम्ही हेच बोललो, समोरचा माणूस नवीन होता, बिचारा सारखा स्क्रीनकडे बघत होता, त्याच्या मते कार्ड सांभाळणं ग्राहकाचं काम. लेखी तक्रार दिली, पोच घेतली (पोच घ्याच, शिक्क्यासकट), १९३० ह्या सायबर हेल्पलाइनवर पण नोंदवली, आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर काही पैसे आले, सगळे नाही. कुठल्या हिशोबाने एवढेच आले ते आम्हाला कोणी सांगितलं नाही.

आणि ज्या खऱ्या चोऱ्या आमच्या पट्ट्यात होतात त्यांत कार्ड खिशातून बाहेरही येत नाही. होमस्टेवाल्यांना विचारा. फोन येतो, हिंदीत, मी आर्मीतून बोलतोय, दहा जवानांसाठी चार खोल्या पाहिजेत, आगाऊ रक्कम पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करा. पैसे घ्यायला स्कॅन करायला आणि पिन टाकायला लागत नाही, हे माहीत असलेला माणूससुद्धा मे महिन्यात खोल्या रिकाम्या असल्या की गडबडतो. लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये चोराचं अॅप टाकणारी फाइल, येते, गाडीचा दंड म्हणून येते. टॅपचीच खरीखुरी चोरी बघायची तर २०२४ मध्ये इसेट ह्या सायबरसुरक्षा कंपनीच्या लोकांनी चेक देशातली एक शोधून काढली. तिथे चोरांनी लोकांना बँकेच्या नावाने फसवून फोनमध्ये अॅप टाकायला लावलं आणि मग सांगितलं की कार्ड तुमच्याच फोनच्या पाठीला लावा आणि पिन टाका. कार्डाचं बोलणं फोनवरून थेट चोराच्या फोनवर, आणि तो एटीएमसमोर उभा. म्हणजे हवेतून चोरी झाली खरी, पण त्यासाठी आधी माणसाला बोलण्यात गुंतवावं लागलं, कार्ड त्याच्याच हाताने टेकवून घ्यावं लागलं. फॉइलचा इथे काय उपयोग?

एक गोष्ट मात्र शहरातले लोक टॅपच्या कौतुकात विसरतात, की हे सगळं वीज आणि टॉवर असेपर्यंत आहे. तौक्ते वादळ आलं मे २०२१ मध्ये, देवगड, मालवण, वेंगुर्ला, वीज गेली, टॉवर गेले, एटीएम मेलेलं. त्याच्या आदल्या वर्षी निसर्ग वादळाने श्रीवर्धन-मंडणगड-दापोलीकडे तेच केलं होतं, आणि तौक्तेच्याच वर्षी जुलैत चिपळूणला पाणी शिरलं तेव्हा बाजारपेठच बुडाली, मशीनचं काय घेऊन बसलात. त्या दिवसांत आमच्याकडे दुकानं चालली ती नोटांवर, आणि नोटा संपल्यावर वहीवर. दुकानदार लिहून घ्यायचा, पत्रे, खिळे, मेणबत्त्या, बिस्किटं. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून बिननेटच्या छोट्या पेमेंटला परवानगी दिलीय, आधी दोनशे, मग २०२३ मध्ये पाचशे रुपयांपर्यंत, कल्पना आमच्यासारख्यांसाठीच आहे, पण मालवणच्या मासळी बाजारात कोणी त्यावर बांगडे घेतलेले मी तरी बघितलं नाही. तिथे नोट चालते, त्याच्या खालोखाल क्यूआर, आणि कार्ड दाखवलंत तर कोळीण हसते.

दुकानदार कार्डाला नाखूष असतात त्यालाही कारण आहे. रुपे डेबिट आणि युपीआयवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला काही कट नाही, बाकीच्या कार्डांवर असतो, क्रेडिटवर जास्तच. मी घेतो कारण पुण्या-मुंबईच्या गेस्टना ते लागतं आणि महिन्याचा हिशोब बँकेकडून आपोआप मिळतो. पण बाजूचा नारळवाला कशाला मशीनचं भाडं भरेल.

ह्या सगळ्यावरून कोणी मला विचारलं की टॅप चालू ठेवू की बंद, तर मी आधी विचारतो तुमच्या घरात रेंज कुठे येते. हसतात लोक, पण माझ्या मते पहिला प्रश्न तोच आहे. घरात येत असेल, मेसेज दिसत असेल, तर खुशाल चालू ठेवा, पिन ओरडण्यापेक्षा शंभर पटीने बरं. मर्यादा मात्र स्वतः खाली आणा, पाच हजार ही रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे, बहुतेक बँकांच्या अॅपमध्ये आपली आपल्याला कमी करता येते. पेन्शनचं किंवा एफडी मोडून ठेवलेलं खातं असेल त्याच्या कार्डावर टॅप नकोच. ब्लॉक करायचा बँकेचा नंबर वहीत लिहून ठेवा, कारण कार्डामागे छापलेला नंबर कार्डाबरोबरच हरवतो, हे छापणाऱ्याच्या लक्षात कसं येत नाही कोण जाणे. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्या फोनबरोबर बँकेचा मेसेज मुंबईतल्या मुलाच्या फोनवरही जाईल अशी सोय बँकेने का देऊ नये? मुलाच्या फोनवर आला असता तर शनिवारी रात्रीच पहिल्या टॅपनंतर कार्ड बंद झालं असतं. अर्थात मग त्या मुलाला आईने कुठे किती खर्च केला तेही कळणार, आणि ते आमच्याकडच्या किती आयांना चालेल सांगता येत नाही. काकींना विचारलं तर त्या ठाम नाही म्हणाल्या.

नवीन कार्ड आलं तेव्हा त्यांनी माझ्यासमोर बसून सगळी बटणं बंद करून घेतली, एटीएम तेवढं चालू. मी म्हटलं, पाचशेपर्यंत टॅप ठेवा हो, पावसात मेडिकलमध्ये बरं पडतं, सुटे नसतात, पाकीट भिजतं.

"मेडिकलवाल्याकडे वही असा माझी," त्या म्हणाल्या, "आणि तो लिवच्या आधी इचारता."